अण्णांचा चुकलेला थांबा

सगुणाची डुकरांची शेड गावात ठेवायची की हलवायची, हे उद्याच्या ग्रामसभेत ठरणार होतं. तक्रार शेजारच्या भानुदासअण्णांची होती. वासानं घास उतरत नाही, डोळे चुरचुरतात, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तिनं शेडमध्ये भाताचं तूस आणि लाकडाचा भुसा गुडघाभर अंथरला, वर गूळ-ताकाचं आंबवलेलं पाणी शिंपडलं आणि महिनाभर रोज दाताळ्यानं खालचं वर केलं. मूत जिरू लागलं, अंथरूण कोरडं राहिलं. पण वास गेला का? तिचं नाक लहानपणापासून सरावलेलं, तिला कसं कळणार?

संध्याकाळी अण्णा दारात आले. चपला धुळीनं माखलेल्या, चेहरा घामेजलेला.

"सगुणे, काय करून ठेवलंस हे?"

"का अण्णा, जास्त येतोय का?"

"अगं, एसटीत मला डुलकी लागते. तुझ्या डुकरांचा वास आला की जाग येते आणि मी उतरतो. आज वासच आला नाही. थेट पुढच्या गावात जाऊन उठलो. तिथून पायी आलोय."

सगुणानं पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच.

"हस, हस. आधी पाणी दे. उद्या सभेत बोलायचंय मला."

"काय बोलणार, अण्णा?"

"शेड आहे तिथंच राहू दे म्हणून. कंडक्टरला मात्र तू सांगून ठेव, मला उठवायला."