यादीचं दुसरं पान

“मुडदा बसवला त्या कंपनीचा!” शशिकलाबाईंनी वकिलांच्या टेबलावर हात आपटला. “माह्या पोरीचं ठरलेलं साक्षगंध मोडलं साहेब. सोडू नका तिले.”

धरमपेठेतल्या त्या चिंचोळ्या ऑफिसात वैभवी आईच्या शेजारी बसली होती. साखरपुडा मोडल्यापासून पंधरा दिवस तिने हेच ऐकलं होतं. आईला चेव चढला की मधे पडून उपयोग नसतो.

रक्त तपासणाऱ्या एका कंपनीतून हजारो लोकांचे रिपोर्ट फुटले होते. कुणा रिकामटेकड्याने त्यातून लग्नाच्या वयाच्या मुली वेचल्या आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची यादी बनवली. नाव, वय, मोहल्ला, सगळं. मुलांची नावं वेचायचे कष्ट त्याने घेतले नव्हते. यादी मोबाइलमागून मोबाइल फिरली. वैभवीच्या नावापुढे ‘वाहक’ असं होतं. वाहक म्हणजे काही आजारी नव्हे. नवराही वाहक निघाला तरच लेकरांना धोका. अश्विनचा रिपोर्ट साफ होता, आणि तिने त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. त्याला चालत होतं. प्रताप नगरातल्या त्याच्या घरच्यांना यादी पाहिल्यावर चालेनासं झालं.

कंपनीने माफीचा मेल पाठवला होता. आपली गोपनीयता आम्हाला मोलाची वाटते वगैरे, आणि खाली थायरॉइडची तपासणी मोफत. वैभवीने तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तिला शिसारी आली.

“पाहा ताई,” वकील संजीव ठवकर म्हणाले, “आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याले लेखी द्यायचं. तिथं दाद नाही लागली तर डेटा संरक्षण मंडळ. पण मंडळानं दंड ठोकला तरी तो सरकारजमा. तुमच्या हाती काही नाही.”

“वा! पोरगी आमची नासली आन दंड सरकारले?”

‘नासली’ हा शब्द वैभवीने गिळला.

“भरपाई पायजे तर ग्राहक आयोग. यादी पसरवली त्याच्यावर सायबर पोलिसात तक्रार. रस्ते आहेत. पण लग्न ठरलं होतं आणि यादीमुळंच मोडलं, याचा पुरावा लागेल. मधे कोण होतं?”

“भैयाजी,” वैभवी म्हणाली. समाजातली निम्मी लग्नं भैयाजी जुळवत. तिचंही त्यांनीच जुळवलं होतं, आणि तिच्या भावाला, उन्मेषला, मुली दाखवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. “त्यांचे मेसेज आईच्या मोबाइलवर आहेत.”

“मोबाइल काहून पायजे?” शशिकलाबाईंनी मांडीवरची पर्स पोटाशी धरली. “तोंडी सांगतो ना मी.”

“आई, दे वं.”

मोबाइल मिळाला, पण ओढूनच घ्यावा लागला. वैभवीने भैयाजींचे मेसेज उघडले. अश्विनचा फोटो होता, साक्षगंधाची तारीख होती, हॉलचा पत्ता होता. त्याच्याखाली यादी होती.

ती भैयाजींनी पाठवलेली नव्हती. आईने भैयाजींना पाठवली होती, रविवारी सकाळी. सोबत लिहिलं होतं: ‘भैयाजी, पहिल्या पानावर तेरावं नाव पाहा. रितिका. हीच दाखवली होती ना आमच्या उन्मेषले? थोडक्यात वाचलो. नाही म्हणून सांगा.’

भैयाजींचं उत्तर दुपारचं होतं. ‘ताई, दुसरं पान पण पाहा.’

यादी भैयाजींकडून पुढे गेली, आणि बुधवारी अश्विनच्या घरून नकाराचा फोन आला होता.

रितिका सक्करदऱ्यात त्यांच्याच मागच्या गल्लीत राहायची. वहिनी म्हणून ती वैभवीला मनापासून आवडली होती. आणि उन्मेषची तपासणी तर कुणी केलीच नव्हती. मुलाची कोण करतं! पंधरा दिवस आई देवापुढे बसून, यादी पोचवणाऱ्याच्या हाताला किडे पडू दे म्हणत होती, आणि त्याच हातचा चहा वैभवी रोज पीत होती. कंपनीच्या मेलची शिसारी याच्यापुढे काहीच नव्हती.

तिने मोबाइल वकिलांपुढे सरकवला. त्यांनी मेसेज दोनदा वाचला.

“हे वगळून फक्त कंपनीवर जाता येते,” ते आवाज उतरवून म्हणाले. “पण यादी भैयाजीपर्यंत कशी पोचली, हे समोरचा वकील विचारणारच. तेव्हा लपवाछपवी निघाली तर केस कमजोर होईल. घरचं प्रकरण आहे. तुम्ही ठरवा.”

“वगळाच साहेब,” शशिकलाबाई घाईने म्हणाल्या. “मी का मुद्दाम केलं? दुनिया करते तेच केलं. पोरीच्या मायले चौकशी कराच लागते, पोराच्या मायले पण.”

मग त्या लेकीकडे वळल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते अगदी खरं होतं.

“तुयी शप्पथ वैभे, दुसऱ्या पानावर तू हाय हे मले दिसलंच नाही वं. दिसलं असतं तर मी पयलंच पान पाठवलं असतं!”

वैभवीने खुर्ची आईपासून वीतभर बाजूला ओढली.

“लिहा साहेब,” ती म्हणाली. “यादी पाठवणारी शशिकला रुपराव धकाते, राहणार सक्करदरा. आणि रितिकाले तक्रार करायची असेल, तर तिच्या बाजूनं साक्ष द्यायले मी येईन.”