खिडकीजवळचं अर्थशास्त्र

विषय तीन आणि डोकं एकच. एकाचं उत्तर दुसऱ्यात घुसायला लागलं, तेव्हा तिने प्रत्येक विषयाला घरातली एकेक जागा वाटून दिली. इतिहास जिन्यात, मानसशास्त्र स्वयंपाकघरात आणि अर्थशास्त्र खिडकीजवळ, बाबांच्या खुर्चीसमोर.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून त्यांचं काम चालायचं आणि ही समोर जमिनीवर बसून मोठमोठ्याने उत्तरं म्हणायची. अर्थशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण ती अडखळली की मान वर न करता विचारायचे, "पुढे काय, मास्तरीणबाई?" आणि हिची गाडी पुन्हा सुरू.

परीक्षेत ही युक्ती चांगलीच कामाला आली. इतिहासाच्या पेपरला ती मनातल्या मनात जिना चढली, मानसशास्त्राला स्वयंपाकघरात फिरून आली. आज शेवटचा, अर्थशास्त्राचा पेपर. डोळे मिटले की खिडकी, खुर्ची, भिंग आणि "पुढे काय, मास्तरीणबाई?" एकही प्रश्न लिहायचा राहिला नाही.

लिहून केव्हाच झालं होतं. तरी ती डोळे मिटून बसूनच राहिली. शेवटी वर्गावरच्या मॅडम जवळ आल्या. "झालंय ना सगळं? मग पेपर दे आणि जा की घरी."

 

"वेळ संपेपर्यंत बसू द्या ना, मॅडम," ती डोळे न उघडताच म्हणाली. "घरी गेलं की बाबांची खुर्ची रिकामी असते."