डावं शिंग

"तुयं टेशन आयकते कोन बे, रंग्या? मानूस ऱ्हाऊ दे, एखादं कुत्रं त दाखव!"

सरपंच शेषराव पंचायतीच्या ओट्यावरून वरडत होते. खाली रंगाच्या मुठी आवळल्या.

"सारं धामणगाव आयकते!"

"मंग सारं धामणगाव दाखव. पोळ्याच्या दिवशी. नाई त तुया डबा बाहीर अन् खताच्या थैल्या अंदर. मेंबर रोज माया जीव खाऊन राह्यले."

रंगा नववीतून शाळा सोडून रेडिओ दुरुस्त करे. मोडक्या रेडिओंचे तुकडे जोडून त्यानं पंचायतीच्या मागल्या खोलीत टेशन उभं केलं होतं. कडुलिंबावर तार, आवाज गावाच्या शिवेपर्यंत. फौजेतल्या मामानं मुंबईहून आनलेल्या इंग्रजी तबकड्या तो रोज दिवेलागनीले लावे. गिटार, ढोल, बोंबाबोंब. महाराष्ट्र नवा, टेशनबी नवं, असं माइकवर म्हने. पन गावात कोनी कधी "चांगलं होतं" म्हनलं नाई. इचारलं त "हो हो" करून लोक म्होरं जात.

त्या सांजेले त्यानं माइक धरला.

"आयकनाऱ्याइनो, या पोळ्याले बैलाचं फक्त डावं शिंग रंगवा. उजवं कोरं ठेवा. टेशन वाचवाचं हाय."

"सनाच्या दिवशी कोन एक शिंग रंगवते बाप्पा?" त्याची माय कौशल्याबाई म्हनली. "लोक हासतीन."

"हासू दे!" तो तिच्यावरच खेकसला.

पोळ्याले तो सकाळपासून घराबाहीर निघाला नाई. दुपार कलल्यावर पाय वढत तोरणाकडं गेला. बैलांची रांग लागली होती. शेवटाले उकंडरावाची जोडी. डावं शिंग लालबुंद, उजवं कोरं.

रंगा थांबला. त्याच्या म्होरं पंजाबरावाची जोडी. तीबी तशीच. तो पळत सुटला. इकडं डावं लाल, तिकडं डावं लाल, सारी रांग तशीच! तोरणापाशी येऊन तो असा वरडला का बैल बिचकले.

"सरपंच! माइकवर सांगतलं होतं म्या, डावं शिंग! आता पाहा मानसं!"

शेषराव तोरणाखाली आपली मानाची जोडी धरून उभे होते. त्याइनं मेंबरांकडं पाह्यलं. मेंबरांच्या माना खाली.

"खोली रंग्याची," ते म्हनले. "खत दुसरीकडं ठेवा."

डफडं कडाडलं. उकंडरावानं रंगाले खांद्यावर उचललं. गुलाल उडाला. पोट्टे त्याचीच गिटार तोंडानं वाजवून नाचाले लागले. एवढं मोठं गाव त्यानं कधी वरून पाह्यलं नव्हतं.

"उकंडभाऊ," तो वरूनच वरडला, "तुमी कोनाच्या रेडिओवर आयकता?"

"कायचा रेडिओ बे? सकाळी नदीवर मानाच्या जोडीचं एकच शिंग रंगवेल दिसलं. मानाच्या जोडीहून येगळं कोन सजोते? साऱ्याइनं तसंच केलं."

रंगा खांद्यावरून खाली उतरला. गर्दीतून वाट काढत मानाच्या जोडीपुढं जाऊन उभा राह्यला. त्यानं बैलाच्या कोऱ्या उजव्या शिंगाले हात लावला.

शेषरावानं इकडं तिकडं पाह्यलं अन् कासरा वढला.

"रस्ता सोड, मले निघा लागते आता. घरी पूजेले थांबले हायेत. अन् काल ते गिटारवालं अर्ध्यातच तोडलं तू. आज पुरं लाव."