मेलचे शॉर्टकट

विहीर आटल्यावर गाव सोडून शहरात आलेल्या यास्मिनला दिसत नव्हतं. कॉम्प्युटर मेल वाचून दाखवायचा, ती ऐकायची. एका बटणात अख्ख्या मेलिंग लिस्टला उत्तर जाईल असे शॉर्टकट तिनं लिहिले आणि सगळ्यांसाठी नेटवर फुकट ठेवले.

शहराजवळच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती मुलाखतीला गेली.

“आमचे मेल शॉर्टकटवर चालतात, मॅडम. तुम्हाला नाय जमायचं,” साहेब म्हणाले.

“त्या शॉर्टकटच्या फाईलची पहिली ओळ वाचता का, सर? लिहिणाऱ्याचं नाव आहे तिथं.”

साहेबांनी वाचलं, “यास्मिन शेख.” मग त्यांनी फाईल बंद केली.

“तरी पण मॅडम, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाय. तुम्ही जिना कसा चढणार?”

यास्मिन तिसऱ्या मजल्यावरच, त्यांच्यासमोर बसली होती.