सोंड

झोपेत यांचा श्वास अडकतो, म्हणून नाकाला मशीन लावूनच झोपावं लागतं. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ उठलेले असतात. कॅम्पवर तंबू ठोकताना माझ्या धाकट्या दिरांनी ते मशीन पाहिलं आणि सगळ्यांसमोर खिदळले, "दादा, सोंड लावून झोपणार?"

झालं! यांनी मशीन गाडीत टाकलं नि किल्ली खिशात घातली. मी भांडले, हात जोडले, पण हे ऐकतील तर शपथ! श्वास अडकला की यांना ढोसत रात्रभर मी जागी.

सकाळी पार टोकाला लावलेल्या आपल्या तंबूतून दीर आळस देत आले. "काय गाढ झोप लागली, वहिनी! तुमचे डोळे का तांबारलेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.



"आधी आरशात बघा, भाऊजी. सोंडेचे वळ अजून गेले नाहीत!"