दबक्या घंटा

पहिला टोल खणखणीत पडला आणि दुसरा दबका. क्लिफर्ड ऑटवे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

"गाढवं!" तो म्हणाला. "गाद्या काढायला विसरली!"

"कसल्या गाद्या, बाबा?" खोक्याला चिकटपट्टी लावता लावता हिलरीने विचारलं. हिलरी त्याची मुलगी. काल स्विंडनहून गाडी घेऊन आली होती, बापाला कायमचं घेऊन जायला. दुपारच्या जेवणाआधी निघायचं ठरलं होतं.

"घंटेच्या लोलकाला एका अंगाने चामड्याची गादी बांधतात. गावात कुणी वारलं की. नाहीतर लढाईत पडलेल्यांच्या दिवशी. तो दिवस झाला गेल्या रविवारी. वाजवून झालं की वर चढायचं आणि गाद्या सोडायच्या. पॉलीनला एवढंही जमू नये?"

पॉलीन म्हणजे चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्यांची म्होरकी. तिच्या आधी तो मान क्लिफर्डचा होता. खांदा निकामी झाला तेव्हा त्याने दोर तिच्या हाती दिला आणि घरी येऊन बसला, तो बसलाच. सुरुवातीला कुणी येईल म्हणून वाट पाहिली. मग तेही सोडलं. हिलरी दर फोनवर म्हणायची, "तिथे तुम्हाला विचारतं कोण?" शेवटी तो हो म्हणाला. हो म्हणताना त्याला रडू आलं होतं, पण ते त्याने मुलीला कळू दिलं नाही. या घराबाहेर मरायची कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

तिकडे चर्चच्या दारात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. कोण गेलं? सांगायला पाद्री नव्हता. पाच गावांत मिळून एक पाद्री, आणि आज त्याची पाळी दुसऱ्या गावात. घंटा ओढणाऱ्यांनाही काही ठाऊक नव्हतं. पॉलीन म्हणाली वाजवा, त्यांनी वाजवल्या. पॉलीनला विचारावं तर ती दोर गुंडाळत नुसती सुस्कारे टाकत होती.

मग मॅविस प्लमलीने डोकं चालवलं. मॅविस क्लिफर्डची शेजारीण, आणि नेदर थॉर्ली या आमच्या गावात डोकं चालवायचं काम बहुतेक तीच करते. क्लिफर्डच्या दारात काल संध्याकाळपासून परकी गाडी उभी. दिवस एवढा वर आला तरी पुढच्या खोलीचे पडदे बंद.

"अगं बाई, क्लिफर्ड!" ती म्हणाली आणि तिथल्या पायरीवरच बसली.

आमच्याकडे कारणाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही. उगाच कुणाला त्रास नको, ही इथली शिस्त. मयताच्या घरी मात्र जायचंच असतं, आणि रिकाम्या हाताने जायचं नसतं. पाद्र्याविनाच प्रार्थना आटोपली आणि जो तो घरी पळाला. मॅविसने फळांचा केक उचलला. खाटीक ट्रेव्हरने हॅम कापून घेतलं. कुणी सँडविच केले, कुणी मळ्यातले लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची ती लांब पात, उपटून आणले. बघता बघता क्लिफर्डच्या फाटकापर्यंत रांग लागली. काहींचे डोळे खरोखरच ओले होते.

मॅविसने हळूच दार वाजवलं. दार क्लिफर्डनेच उघडलं. पायात नुसते मोजे, गळ्यात सुतळीचं बंडल.

मॅविस किंचाळली, पण केक पडू दिला नाही.

"तू जिवंत आहेस?"

"तुझी काही हरकत?"

"मेल्या, मी सकाळपासून रडतेय तुझ्यासाठी! आता या केकचं काय करू?"

"आण इकडे. मेल्यावर मला थोडाच मिळणार होता?"

मागून ट्रेव्हर फिदीफिदी हसला आणि मग सगळी रांगच हसत सुटली. क्लिफर्डही हसणार होता, पण त्याची नजर फाटकापर्यंत गेली. एवढी माणसं त्याच्या दारी कधीच आली नव्हती.

"माझं दार वाजायला मला मरावं लागतं होय गं?"

"आणि तू कधी वाजवलंस आमचं?" मॅविस म्हणाली. "खांदा गेला आणि तू तोंड फिरवून बसलास. आम्हाला वाटलं, याला एकटं राहायचंय. केक घेऊन कितीदा तुझ्या फाटकापर्यंत आले मी, आणि तशीच परत गेले."

क्लिफर्डने आत वळून हाक मारली, "हिलरी, किटली कुठल्या खोक्यात घातलीस?"

किटली सापडेना, म्हणून चार खोके उघडले. कप पुरेनात, म्हणून आणखी चार. आलेल्या माणसांनी आपापल्या हाताने कप काढले, विसळले आणि चहा झाल्यावर फडताळात मांडून ठेवले. जेवणाची वेळ टळून गेली. बाप कुणाशी तरी हुज्जत घालत, तोंडात केक कोंबत हसतोय, हे हिलरी दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी ती एकटीच निघाली. गाडीत बापाच्या सामानाच्या जागी लीकच्या जुड्या होत्या आणि मनाला बऱ्याच दिवसांनी स्वस्थता होती.

त्यानंतर गावाने पॉलीनला सुखाने जगू दिलं नाही. ती दुकानात आली की ट्रेव्हर विचारायचा, "आज कुणाला मारलंस?" ती आपली मुकाट ऐकून घ्यायची.

सरावाच्या संध्याकाळी क्लिफर्ड मनोऱ्यात हजर झाला. दोर ओढणं जमणार नव्हतं, पण तोंड शाबूत होतं. बाकीचे निघून जाईपर्यंत त्याने दम धरला.

"पॉलीन, मी तुला काय शिकवलं होतं? वाजवून झालं की आधी वर जायचं आणि गाद्या सोडायच्या."

"सोडल्या होत्या की, त्याच रविवारी दुपारी," पॉलीन म्हणाली. "शनिवारी हिलरी किराणा दुकानात रिकामे खोके मागायला आली, मी तिथेच होते. तेव्हा परत बांधल्या."