गोऱ्याचे बूट

सेहेचाळीस साली नगरच्या लष्करी छावणीच्या फुटबॉल संघातून मला काढलं, कारण काय, तर मी अनवाणी खेळतो. डोकंच फिरलं. भिंगारच्या बाजारातून कुणा गोऱ्याचे जुने बूट आणले, पुढं चिंध्या कोंबल्या आणि वर्षभर त्यातच पळालो. आधी टाचा सोलल्या, मग सवय झाली. झोपतानाच काय ते बूट काढायचो. माझी बायको मरिया पाय चेपताना म्हणायची, "घट्टे गेले की सगळे. लेकरावानी मऊ झाले तळवे." मला बरं वाटायचं.

मग मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचं बोलावणं आलं. निवड झाली की गिरणीत कायमची नोकरी.

मैदानावर नाड्या आवळत होतो, तर मॅनेजर म्हणाले, "बूट काढा. आमची सगळी पोरं अनवाणीच खेळतात."

काढले. त्या खडकाळ मैदानावर दहा पावलांतच लंगडायला लागलो. चेंडूला धड लाथही बसेना.

मॅनेजरांनी वैतागून हातातला कागद पुन्हा वाचला. "अहो, आम्ही नगरच्या त्या अनवाणी खेळणाऱ्याला बोलावलं होतं. तो का नाही आला?"